परत केलेली बस

प्रिय ठमाबाई,

तू वाढदिवसाला पाठवलेला कॉम्प्युटरवरचा बस चालवायचा खेळ मी परत केला, पैसे तुझ्या कार्डावर जमा झाले आणि तेव्हापासून तुझा फोन नाही. ‘नको होता तर सरळ सांगायचं ना, बाबा,’ एवढाच मेसेज. रागावलीस ते बरोबरच आहे. पण खेळ मला नकोसा झाला नव्हता गं.

पहिल्याच दिवशी आईला मागे खुर्ची टाकून प्रवासी म्हणून बसवलं आणि निघालो. तिसऱ्या थांब्यावर खांबाला घासलो. पुन्हा निघालो, पुन्हा तोच खांब. एकतीस वर्षं खरी बस चालवली, कधी ओरखडा नाही, आणि इथे पाऊण तासात गाडीचा पार चेंदामेंदा! पाट्या धुरकट, सिग्नलभोवती नुसता उजेडाचा पिसारा. आई म्हणाली, ‘नाचता येईना, अंगण वाकडं.’ मग मी इरेलाच पेटलो. दोन तासांहून कमी खेळलं असेल तर चौदा दिवसांत पैसे परत मिळतात, असं खेळ विकणाऱ्या साइटवर वाचलं. पडद्याचा फोटो जोडून अर्ज ठोकला. कारण लिहिलं, ‘चित्र खराब.’

दुसऱ्या दिवशी तिथल्या एका बाईंचं उत्तर आलं. पैसे मंजूर. खाली मात्र त्यांनी आपणहून लिहिलं होतं, ‘काका, तुमचा फोटो आम्ही चौघांनी पाहिला. पाट्या आम्हाला स्वच्छ दिसतात. एकदा डोळे दाखवून घ्याल का?’ मी तासभर तणतणलो. आईने निमूट चपला घातल्या आणि मला डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मागच्या मंगळवारी झालंसुद्धा. तुझी नोकरी नवी, उगाच धावत येशील म्हणून आईला गप्प राहायची शपथ घातली होती. आता समोरच्या गच्चीवरचे कपड्यांचे चिमटेही मोजता येतात. आईच्या गालावर नव्या सुरकुत्या दिसल्या, त्या बोलून दाखवल्या आणि दोन दिवसांचा अबोला ओढवून घेतला.

डावा डोळा पुढच्या महिन्यात, बारा तारखेला. मागच्या वेळी मी आत होतो आणि आई दाराबाहेरच्या बाकावर एकटीच बसून होती. बाहेर आलो तेव्हा तिचे हात गार पडले होते. त्या बाकावर तिच्या शेजारी तू हवीस. रजा मिळेल का गं?

तुझाच, एका डोळ्याने तरुण झालेला,
बाबा