मेंढीच्या दुधाचं चीज

माय, आज सुनेनं दुकानातून चीजचा एक कडक तुकडा आणला आणि किसायला माझ्या हातात दिला. वास आला तशी मी सौसरच्या आपल्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली, तरी हे तुलाच लिहावंसं वाटलं.

बाबा लढाईवरून आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. इटलीत ते फौजेची मोटार चालवायचे. परत आलेला माणूस दिवसभर संत्र्याच्या मळ्यात गप्प बसून असायचा आणि ताटावर दोन घास चिवडून उठायचा. तू पातोड्या केल्यास, भरीत केलंस, सण नसताना पुरण घातलंस. ताट तसंच परत यायचं. मग एका सकाळी त्यांनी आपली लोखंडी पेटी उघडली. आत गोणपाटात गुंडाळलेली, जात्याच्या तळीसारखी गोल, काळ्या सालीची तीन चाकं होती. तू वाकून वास घेतलास.

"जुन्या तुपावानी वास येऊन राह्यला. खराब झालं असन."

"ते खराब होत नाही," बाबा म्हणाले. "मेंढीच्या दुधाचं चीज हाय. गरम भाकरीवर किसून दे."

तू आंब्याच्या किसणीवर ते किसलंस. बाबांनी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. तू चुलीकडे तोंड करून बसली होतीस, पदर डोळ्यांना लावून.

मग तुझा हात त्यात बसला. उकळत्या वरणात टाकलं की त्याच्या तारा होतात, म्हणून तू पातेलं उतरवून मग टाकायचीस आणि मीठ निम्मं करायचीस. भरितावर, झुणक्यावर, वांग्याच्या भाजीत. कडक साली वरणात शिजवायचीस. माळकरी आजोबासुद्धा बोटं चाटून म्हणायचे, "सूनबाई, वरण साजरं झालं." जेवता जेवता बाबा बोलू लागले. बर्फातल्या एका गावात त्यांनी एका म्हातारीला आपल्या मोटारीतलं पीठ दिलं होतं. तिचा मुलगा लढाईत गेला होता. निघताना तिनं ही चाकं मोटारीत ठेवली. मळ्यात एकदा त्यांनी मला सांगितलं, की ते दूध कोकराच्या पोटातल्या विरजणानं लावतात. "मायले सांगू नको," म्हणाले.

तुला नाही सांगितलं. मोहगावची आत्या पोळ्याला आली, तिला सांगितलं. मला तेवढं माहीत आहे, हे तिला दाखवायचं होतं.

आजोबा जेवत होते. आत्या त्यांना म्हणाली, "उठा ताटावरून. त्यात कोकराच्या पोटातलं हाय." आजोबांचा हात वरणातच थांबला. बाबांनी मान खाली घातली. आणि तू चुलीपासून उठून म्हणालीस, "मले माहीत होतं, मामाजी. मीच त्याईले बोलू देलं नाही."

तुला काही माहीत नव्हतं. आत्याचं बोलणं ऐकताना तुझा चेहरा कसा झाला होता, ते मी पाहिलं होतं.

आजोबा विहिरीवर जाऊन आंघोळ करून आले आणि ओसरीत त्यांनी वेगळी चूल मांडली. तू रोज सकाळी त्यांच्या दाराशी पीठ, डाळ, घासलेला तांब्या ठेवायचीस. शेजारणी म्हणाल्या, ती चाकं नाल्यात टाकून दे. तू ती डोक्यावर घेऊन मळ्यातल्या झोपडीत नेलीस, तिथे दोन दगड मांडलेस, आणि बाबांना तिथे जेवू घातलंस. शेवटचं चाक संपेपर्यंत बाबा हसायला लागले होते, संत्र्याच्या गाड्या स्वतः घेऊन नागपूरला जाऊ लागले होते. ओसरीतली चूल मात्र राहिली. देश स्वतंत्र झाला, तालुक्याच्या शाळेत झेंडा लागला, पुढे नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपण मध्य प्रदेशात उरलो. त्या थंडीत आजोबा अंथरुणाला खिळले. वाचा गेली होती. तू चमच्यानं पेज पाजलीस. त्यांनी तोंड उघडलं, की तू उघडलंस, ते मला दारातून दिसलं नाही. नंतर मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "पोटात गेली ना? बस."

त्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तू मला मळ्यात नेलंस, आठवतं? काड्या मोडत मोडत, माझ्याकडे न बघता विचारलंस, "आत्याले कोनं सांगतलं वो?"

मी म्हणाले, "बाबांनी."

तू काड्या चुलीत सरकवल्यास. मग बाबांसाठी भाकरी थापलीस, नेहमीएवढीच पातळ. त्यांना तू ते कधीच विचारलं नाहीस, हे मला माहीत आहे, कारण मी पुढची कितीतरी वर्षं त्याचीच वाट पाहत होते. तुम्ही दोघंही गेलात आता. सून आतून हाक मारतेय, किसून झालं का म्हणून. अजून निम्मंच झालंय.