बाहेरची ओळ

गोदारांची ढाणी,
१२ जुलै १९८८

ती. भाईसा यांस,
गवराचा नवण प्रणाम. वि. वि.

माँचा ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. बाजरीचा घास तोंडात घोळवते आणि हळूच काढून ठेवते. वैद्यजी म्हणाले, मागेल ते द्या. तिनं अंगणातली ढेमसं मागितली. म्हणून टाक्याजवळ वाफे आखलेत. भांड्यांचं पाणी तिकडेच वळवते.

पण पहिली रोपं वासरानं उपटली, दुसरी केसरनं खाल्ली. हे हरणाचं पाडस माँनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलेलं. त्याला हड् म्हटलं तरी तिचे डोळे भरतात. शिवाय नीलगाई आहेतच. शेजारच्या धापूकाकी म्हणतात, बाग कसली, हरणांची पंगत मांडलीस पोरी! जाळीची तार पाठवशील का? मागणं चूक असेल तर माफ कर. रागावू नकोस.

तुझी गवरा


बिकानेर, २० जुलै

चि. गवरा हिस अनेक आशीर्वाद.

लहानपणी बापूजी अक्षरं गिरवून घेत, तेव्हा रेघ वाकडी आली की तू पाटीची माफी मागायचीस. अजून तशीच आहेस!

तार मात्र पाठवणार नाही. हरणांसाठी जीव देणाऱ्या बिश्नोयाच्या घराला तार? तारेत अडकलेलं हरीण मी सोडवलंय. ते पुन्हा उभं राहिलं नाही. वाळक्या बोरकाट्यांचं कुंपण घाल आणि एक ओळ बाहेर लाव, त्यांच्या वाट्याची. त्यांचं पोट भरलं की आतलं वाचतं. माँला जपणे.

तुझा भाई
भागीरथ


ढाणी, ९ सप्टेंबर

ती. भाईसा, नवण प्रणाम.

तू लिहिलंस तसंच केलं. सांज झाली की कुंपणाच्या कवाडीत काटे ठासायचे. ढेमसं धरली. माँ जेवली, भाईसा! आधी अर्धी भाकर, मग पाऊण.

बुधवारी पहाटे केसर बाहेरच्या ओळीत चरत होती. सडकेवरचे कुत्रे आले. ती धावली ती नेहमीसारखी घराकडेच. कवाडीत मी ठासलेले काटे होते. मी ते ओढेपर्यंत उशीर झाला. धापूकाकींनी खड्डा खणला, एक शब्द टोचून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

माँनं विचारलं. मी म्हणाले, कळपात गेली. माँ हसली, म्हणाली, आपल्या माणसांत गेली, चांगलं झालं. आणि अख्खी भाकर खाल्ली. खोटं बोलू नये हे मी तिच्याच मांडीवर शिकले. आता काय करू?

गवरा


बिकानेर, १५ सप्टेंबर

चि. गवरा, आशीर्वाद.

सांगू नकोस. तिला खाऊ दे. ओळ बाहेर लावायला मी सांगितलं, तेव्हा पाप माझ्या माथी. महिनाअखेर येतो, मग दोघं मिळून सांगू.

भागीरथ


ढाणी, २४ सप्टेंबर

ती. भाईसा, नवण प्रणाम.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी रविवारीच सांगून बसले होते. जेवताना माँनं ताटातलं एक ढेमसं बाजूला काढलं, म्हणाली, हे बांधावर ठेवून ये, कळप जवळच असेल. मग मला राहवलं नाही.

ती रडली नाही. माझे तळवे हातात घेतले, काटे रुतल्याच्या खुणा चाचपल्या, म्हणाली, तुझा काय दोष गं. आणि ताट सरकवलं. तेव्हापासून घोटभर दूध घेते, बस्स. मी शिजवून पुढे ठेवते. ती म्हणते, तू खा, पोरी, मला उतरत नाही.

वेल लगडलेत, भाईसा. रोज टोपलीभर निघतात. लवकर ये. आणि माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी गवरा