हँडल डाव्या हाताला

नेकनूर, १० नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
मंगलचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोन केला की तुझं नुसतं हॅलो हॅलो चालतं. मी ओरडायला लागले की शेजारच्या सुंदरबाई काय झालं म्हणून पळत येतात. वर्कशॉपातल्या ग्राइंडरनं तुझे कान खाल्ले, आता पत्रच बरं.

ह्यांना लकवा मारून दिवाळीला वर्ष झालं. बोलणं लई सुधारलंय, डावा हात धड हाय, उजवं अंग मात्र तसंच. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून संडासला, परत पलंगावर, मीच काखेत हात घालून उचलते. परवा कमरेत चमक भरली नि आमी दोघंबी खाली बसलो, म्हणजे पडलोच. कुणाला लागलं न्हाई. पण तवापासून हे पाणीच पिईनात. तांब्या पुढं केला की नगं म्हणतात. कावून म्हणून विचारलं तर भिंतीकडं तोंड. मग माझ्या ध्यानात आलं, पाणी कमी पिलं तर मला उचलावं कमी लागंल, असा ह्यांचा हिशोब हाय. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर किडनीवर जाईल.

पोरगी सासरी, तिला किती वेळा बोलवायचं? तू मोंढ्याच्या धान्यबाजाराला पोती वाहायचे गाडे बनवतोस. माणूस उचलायचं काही जमंल का बघ.

वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
मंगल

अंबाजोगाई, १८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मंगल हिस अनेक उत्तम आशीर्वाद. दाजींना रामराम.

तुझं पत्र वाचलं नि वर्कशॉपमधलं मशीन बंद करून नुसता बसलो. बीडच्या मोंढ्यात मी नि दाजी हमाली करायचो ते दिवस समोर आले. दाजी पोतं पाठीवर असं द्यायचे की चालायला लागल्यावर कळायचं, आपल्या पाठीवर काही हाय. तवाचे ते लाकडी हातगाडे तुला आठवतात का? सगळं वजन ओढणाराच्या मनगटावर यायचं. दाजींनीच एक दिवस सांगितलं, चाकांचा आस वजनाच्या खाली घे, म्हणजे भार चाकावर बसंल. सुताराला गाठून आमी तसा गाडा केला, तर सारा मोंढा बघायला आला. ह्या धंद्याची गोडी मला तिथून लागली. तो गाडा दाखवायच्या निमित्तानं दाजी आपल्या घरी यायला लागले. गाडा बघायला तू कशाला सारखी बाहेर यायचीस, ते मला लई उशिरा कळलं!

टेम्पोतून एक घोडा पाठवलाय. गॅरेजात इंजिन उचलायला असतो तसलाच, पण हलका. खाली चाकं, वर आडवा हात, त्याला झोळी. तू मागं उभी राहून हँडल फिरवलं की दाजी अलगद वर येतील. हँडल मधेच सोडलं तरी खाली यायचे न्हाईत, एवढी खात्री ठेव.

कमरेला शेक दे. पत्राची वाट बघायला लावू नको.

तुझा दादा,
त्रिंबक

नेकनूर, २ डिसेंबर २०२४

ती. दादास,
मंगलचा नमस्कार. वि. वि.

घोडा पोचला. राग धरू नको, पण खरं ते लिहिते. ह्यांना झोळीत घेतलं, हँडल फिरवलं, हे वीतभर वर आले नि ओरडले, खाली सोड, मी काय सोयाबीनचं पोतं हाय का? डोळ्यात पाणी होतं. लग्न झाल्यापासून मी ते बघितलं नव्हतं. दिवसभर जेवले न्हाईत. मी घोड्यावर चादर टाकून तो कोपऱ्यात लोटून दिला.

पण गंमत ऐक. दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते, तर आतून ह्यांची बडबड. बघते तर खुर्चीतून वाकून चादर ओढून काढलेली, नि डाव्या हातानं चाक फिरवून बघतायत. म्हणाले, त्रिंबक्याची अक्कल कुठं गेली, असली बारकी चाकं शहाबादी फरशीच्या फटीत अडकणार न्हाईत का? आणि झोळीचा पट्टा काखेत नको, मांडीखालनं पाहिजे. वर्षात एवढं एका दमात बोलले न्हाईत! झोळी मी जुन्या सतरंजीची नवी शिवायला घेतलीय. बाकीचं तूच त्यांना विचार, मला ते सांगत न्हाईत.

लोभ हाय म्हणूनच तक्रार लिहिली.

तुझी,
मंगल

अंबाजोगाई, ९ डिसेंबर २०२४

अंगद यास त्रिंबकचा सप्रेम नमस्कार.

आज दाजी म्हणत न्हाई, मोंढ्यातल्यासारखं लिहितो. काय बे, मी चुकलो ते मला न सांगता बायकोपाशी सांगतोस? माझं काय चुकलं ते कळलंय. घोडा बनवताना मी मंगलची उंची विचारात घेतली, तिच्या हाताची ताकद विचारात घेतली. वर कोण बसणार त्याला विचारलंच न्हाई. गाडा आपण दोघांनी केला होता, हा मी एकट्यानं केला. आता तू सांग, मी वेल्डिंग करतो.

उत्तर तुझ्या हातचं पाहिजे.

तुझाच,
त्रिंबक

नेकनूर, २० डिसेंबर

त्रिंबक,
रामराम. डाव्या हातानं लिहिलंय, हसू नको.

चाकं काढ. पलंगाजवळ भिंतीला खांब रोव. आडवा हात बिजागरीवर फिरता ठेव. पलंग ते खुर्ची, तेवढाच फिरू दे; संडासात धरायला दांडी वेगळी लाव. झोळी अंगाखाली राहू दे, कड्या मी अडकवीन. हँडल मागं नको, माझ्या डाव्या हाताला पाहिजे. मीच वर जाईन, भिंतीला डावा पाय लावून मीच फिरंन, मीच खुर्चीत उतरंन.

कुणी उचलायला मी तयार न्हाई. उठायला तयार हाय.

अंगद

नेकनूर, १९ जानेवारी २०२५

ती. दादास,
मंगलचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

संक्रांतीला तू खांब बसवून गेलास, तवा ह्यांनी तुझ्यासमोर हँडलला हात लावला न्हाई म्हणून तू खट्टू झालास. अरे, तू येष्टीत बसला असशील तोवर इथं सुरू झालं. पहिल्यांदा आडवा हात भिंतीवर आपटला, मग खुर्ची लांब पडली. मी पुढं झाले की डोळे वटारायचे. खुर्चीची जागा मी फरशीवर खडूनं आखून दिली, तेवढीच काय ती मदत. आता पाणी मागून पितात.

काल खुर्ची खुणेवर लावून बाजारात गेले. वर्षात एकटी अशी गेलेच नव्हते, मेथी घ्यायची सोडून नुसती फिरले. परत मागच्या दारानं आत येऊन बघते तर पलंग रिकामा. पिशवी तिथंच टाकली. ओसरीवर आले तर हे डाव्या पायानं खुर्ची रेटत तिथवर आलेले, नि खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालतायत! शर्टाची बटणं वरखाली लागली होती. मी तिथंच उंबऱ्यावर टेकले. हे माझ्याकडं बघून म्हणाले, लई थकलीस, जा, पड जरा. दिवसाउजेडी मी कधी पडले न्हाई, पण गेले नि त्यांच्याच पलंगावर आडवी झाले.

जाग आली तवा दिवे लागले होते. बाहेर सुंदरबाई काहीतरी मागायला आलेल्या. हे दारातच खुर्ची आडवी लावून बसलेले, नि त्यांना दबक्या आवाजात सांगत होते, हळू बोला, मंगल झोपलीय.

दादा, लग्नानंतर त्यांनी चारचौघांत माझं नाव घेतलं ते कालच. मी उठलेच न्हाई, तशीच पडून राहिले.

वहिनीला घेऊन ये. दोघांवर जीव ठेव.

तुझी,
मंगल