उड्डाण चालू असताना बोलू नये

३ फेब्रुवारी, मंगळवार

रोजनिशी सुरू. कारण भावनिक नाही. काम हाती घेतलं की नोंदी ठेवाव्या लागतात, एवढंच. दुकानात मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या नंबरचं कार्ड ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

काम असं. ही गेली त्याला आज अकरा आठवडे झाले. हिला विमानांचा नाद होता. हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली बाई. डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून विमान कुठलं ते सांगायची. धावपट्टीच्या कुंपणाबाहेर एक टेकाड आहे. तिथे हिच्यासारखेच चार-दोन लोक जमतात. तिथे उभी राहून ही मोठ्या विमानांच्या उड्डाणाचे आवाज रेकॉर्ड करायची. मोठी म्हणजे ज्यांच्यात प्रवाशांना चालायला एक नाही, दोन वाटा असतात ती. अशा बारा जाती इथून उडतात. हिचे अकरा आवाज झाले. बारावा राहिला. चार इंजिनांचं दुमजली विमान. टेकाडावर तिला सगळे थोरली म्हणतात. हिने तिला चारदा गाठलं, चारही वेळा काहीतरी आडवं आलं, आणि मग दुखणं आलं.

थोरली दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी चार वीसला उडते. १४ मार्चला शेवटची. पुढे कंपनी या मार्गावर दोन इंजिनांचं लहान विमान आणणार. विमानतळाच्या संग्रहालयाने हिचे आवाज हिच्या नावाने ठेवायचं कबूल केलंय, पण संच पुरा हवा म्हणतात. तेव्हा बारावा मी करणार. बटण दाबायचं, विमान जाऊ द्यायचं, बटण बंद करायचं. उद्यापासून बारा संधी आहेत. मला एक पुरे.

मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, जेवलात का. जेवलो म्हटलं. आईबद्दल कधी बोलतच नाही तुम्ही, असं म्हणाली. बोलण्यासारखं काय आहे, म्हटलं. बाकी ठीक.

७ फेब्रुवारी, शनिवार

टेकाडावर पहिल्यांदा गेलो. एकोणीस वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. ही दर वेळी दारात चप्पल घालता घालता विचारायची, येताय का. मी म्हणायचो, पुढच्या वेळी. शनिवारी दुकानात गर्दी असते.

तिथले लोक: मास्तर, म्हणजे रिटायर्ड गणिताचे शिक्षक, गळ्यात स्टॉपवॉच. डेंटिस्टबाई. आणि रेडिओवाला, जो एरवी फ्रिज दुरुस्त करतो आणि इथे छोट्या रिसीव्हरवर कंट्रोल टॉवरचं बोलणं ऐकत बसतो. मास्तरांनी नियम समजावला. विमान धावपट्टीवर वळलं की ते हात वर करतात. आवाज पूर्ण विरेपर्यंत हात खाली येत नाही. तोवर कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, पिशवीचा आवाज नाही. सगळ्यांचे रेकॉर्डर चालू असतात. मी म्हटलं, माझी काळजी नको, मी मुळातच कमी बोलतो. रेडिओवाला म्हणाला, काकू सांगायच्या, आमच्याकडे भिंती जास्त बोलतात. बरोबर आहे. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

चार एकवीसला थोरली वळली. नोंद अशी: आधी बारीक शीळ. मग सुतार लाकूड कापतो तशी करवत. मग आवाज कानातून निघून पोटात जातो. पायाखालचे खडे हलतात. एवढं मोठं धूड कुंपणाच्या दिशेने येतं, आणि हे काही उठत नाही अशी खात्री पटते तेव्हा नाक वर करतं. पंख धनुष्यासारखे वाकतात. डोक्यावरून जाताना उजेड जातो. ते गेल्यावर वर हवेत कुणी चादर टरकावल्यासारखा आवाज येतो. रॉकेलचा वास.

तिथेच खाली बसलो. बराच वेळ उभं राहिल्याने.

रेकॉर्डिंग झालं नाही. बटण दाबायचं राहिलं. पहिली खेप निरीक्षणाची होती असं मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, तोंड मिटा आता, धूळ जाईल.

११ फेब्रुवारी, बुधवार

दुकान साडेतीनला बंद केलं. बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकत होता. डेंटिस्टबाईंनी नंतर सांगितलं की लुकलुकला तर रेकॉर्डर तयार आहे, स्थिर राहिला तर रेकॉर्ड होतंय. लुकलुकणारी गोष्टच चालू आहे असं कुणालाही वाटेल. कंपनीला पत्र लिहावं का?

१४ फेब्रुवारी, शनिवार

माइकवर वाऱ्यासाठी एक केसाळ टोपी असते. हिची टोपी धुळीने मळली होती. मी ती काल कोमट पाण्यात पावडर टाकून धुतली. हिच्या वस्तू नीट ठेवायला हव्यात. टोपी वाळल्यावर आटून अंगठ्याएवढी झाली. तीच घालून रेकॉर्ड केलं. पंचावन्न सेकंद नुसता वारा. मध्ये कुठेतरी थोरली असावी.

निश्चय: यापुढे काही धुवायचं नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दोष पूर्णपणे वाऱ्याचा. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं. वारा फिरला की धावपट्टीची टोकं बदलतात. आज फिरला. सगळे गाडीने पलीकडच्या टोकाला गेले. मी टेकाडावर एकटा, समोर एकामागून एक विमानं उतरतायत. उतरणाऱ्या विमानात काही दम नसतो. दमलेली बाई सोफ्यावर बसते तसं.

मास्तरांनी विचारलं, ग्रुपवर मेसेज टाकला होता, वाचला नाहीत? मेसेज हिच्या फोनवर जातात. तुम्ही तो फोन चार्ज करता ना, म्हणाले. करतो, रोज करतो, बॅटरी खराब होऊ नये म्हणून. मग उघडत का नाही, म्हणाले. दुसऱ्याचे मेसेज वाचणं मला बरं वाटत नाही, म्हटलं. मास्तरांनी स्टॉपवॉच पुसायला घेतलं. पटलं असावं.

संध्याकाळी स्वतःचा नंबर ग्रुपमध्ये घालून घेतला. हिचा काढायचा का, असं डेंटिस्टबाईंनी विचारलं. घाई नाही म्हटलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

तयारी शास्त्रशुद्ध हवी. म्हणून हिचे अकरा आवाज दुकानात लेन्स घासताना ऐकतोय. ही आधी एक्स्चेंजच्या आवाजात तारीख, विमान, वारा सांगते. मग उड्डाण. मग तीन सेकंद शांतता, आणि म्हणते, झालं. एवढंच. मी ती तीन सेकंदांची पद्धत अभ्यासतोय. सातव्या रेकॉर्डिंगमधलं झालं विशेष चांगलं आहे. सतरा वेळा ऐकलं. अभ्यास म्हणून.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

काल थोरली दीड तास उशिरा निघाली. तोवर रेकॉर्डर चालू ठेवून बसलो होतो, बॅटरी संपली. रेकॉर्डरची. मला काही झालेलं नाही.

आज एक गिऱ्हाईक परत आलं. बँकेतले कॅशियर. म्हणाले, या चष्म्यातून माझी बायको तिरपी दिसते. तपासलं. डावी लेन्स उजवीकडे, उजवी डावीकडे. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. फ्रेमच्या कंपनीने खूण नीट केली नव्हती. त्यांना चहा पाजला. त्यांनी विचारलं, कानात काय ऐकत होता तेव्हा. बातम्या, म्हटलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

शिंक. कुणाची ते लिहिण्यात अर्थ नाही.

४ मार्च, बुधवार

कुंपणाच्या पहारेकऱ्याने कार्ड मागितलं. मी चष्म्याच्या दुकानाचं दाखवलं. त्याने आपला चष्मा काढून पुढे केला, म्हणाला, काडी सैल झालीय, बघता का जरा. स्क्रू आवळेपर्यंत थोरली समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर. काडी मात्र आता घट्ट आहे.

७ मार्च, शनिवार

आज सगळं बिनचूक. दिवा स्थिर. नवी टोपी. वारा योग्य. विसाव्या सेकंदाला खिशातला फोन वाजला. मुलगी. घाबरून उचलला. ती ओरडून विचारतेय, बाबा, हा कसला आवाज. काही नाही, काम चाललंय, असं मी त्याहून मोठ्याने सांगितलं.  ती म्हणाली, आई पण असंच सांगायची, त्याच आवाजात. मी तिथेच ठेवून दिला.

चौघांचीही रेकॉर्डिंग वाया गेली. रेडिओवाला म्हणाला, काका, तुम्ही कमी बोलता ते चांगलंच आहे, पण जागा निवडून बोलता. मास्तरांनी फोनवर बंदी घातली. मी बंदीला पाठिंबा दिला. शिस्त हवीच.

मुलीने परत फोन करून म्हटलं, इकडे या महिनाभर राहायला. थोरली झाली की बघू, म्हटलं. कोण थोरली, म्हणाली. सगळं सांगत बसलो नाही.

११ मार्च, बुधवार

उड्डाण रद्द. तांत्रिक कारण. आता एकच संधी. हरकत नाही. मी पहिल्या दिवशीच लिहून ठेवलंय की मला एक पुरे.

१४ मार्च, शनिवार, दुपार

निघतोय. जादा बॅटऱ्या दोन. फोन घरी. रिकामे खिसे. सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही, ढेकरेचा धोका नको. हिचा स्वेटर बरोबर घेतलाय. माइक गुंडाळायला.

१४ मार्च, शनिवार, संध्याकाळी सात

संतापलो आहे.

टेकाडावर आज साठ-सत्तर माणसं होती. सगळी शिस्तीत. मास्तरांनी हात वर केला आणि चिमणीही बोलली नसेल अशी शांतता. थोरली वळली. आज तिने घाई केली नाही. चारही इंजिनं ताणून जागच्या जागी थरथरत उभी राहिली, आणि मग सुटली. इतकी जवळून गेली की पोटाखालचे चाकांचे दरवाजे मिटताना दिसले. अंगातलं हाड न् हाड वाजलं. कुंपण वाजलं. शर्टाची बटणं वाजली. माणसाने बनवलेली गोष्ट एवढी जड असून उडते, हे मला इतक्या उशिरा का कळावं?

दिवा स्थिर होता. मी पाहिलं.

आणि या सगळ्यात कुणीतरी बोलत होतं. पुरुषाचा आवाज. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, अगदी जवळ. रेडिओवाला असावा, तो माझ्या डावीकडे उभा होता. मास्तरांचा हात खाली आल्यावर मी स्पष्ट विचारलं, कोण बोलत होतं. कुणी कबूल केलं नाही. सगळे जमिनीकडे बघत राहिले. रेडिओवाल्याने तर डोळे पुसले. केलेल्याची लाज वाटली असणार. मास्तरांना म्हटलं, बंदीचं काय झालं. ते म्हणाले, जाऊ द्या हो. एवढे कडक मास्तर, आणि जाऊ द्या. डेंटिस्टबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. निदान त्यांना माझा राग समजला.

शेवटची संधी, आणि एका बडबड्या माणसाने घालवली. उद्या रेकॉर्डिंग ऐकून आवाज ओळखीन. कान हिचे होते, पण एवढं मलाही जमेल.

१५ मार्च, रविवार

ऐकलं. एकोणपन्नास सेकंद.

माणूस म्हणतो, अगं, वळली बघ. उभी आहे. दम खातेय. सुटली. तू म्हणायचीस ते खरं गं, पोटात वाजतं. मला वाटायचं वाढवून सांगतेस. वारा आहे, स्वेटर घाल. उठत नाही बहुतेक. उठली. उठली गं. पंख बघ. आलो बघ मी, जरा उशीर झाला. मग कॅशियरच्या चष्म्याबद्दल काहीतरी सांगतो. इथे चादर टरकावल्यासारखा आवाज. त्यानंतर तीन सेकंद तोही गप्प.

रेडिओवाल्याचा आवाज नव्हे.

पाच वेळा ऐकलं. आवाज वेगळा काढता येतो का, असं मास्तरांना फोन करून विचारलं. नाही म्हणाले, तुमचा आणि इंजिनाचा सूर एकमेकांत गेलाय. सगळ्यांच्या रेकॉर्डरवर तसंच आहे. बारावा आवाज झाला नाही तर. हिला चार वेळा जमला नाही, मी एक कमी दहा वेळा प्रयत्न केला. घरातल्या घरात पहिला नंबर माझा.

मुलीला पाठवायचं नव्हतं. दुपारी पाठवलं. तिचा फोन आला. दोघंही काही बोललो नाही. अकरा मिनिटं चालला तो कॉल.

१६ मार्च, सोमवार

मास्तर दुकानात आले. संग्रहालयाचे फॉर्म घेऊन. प्रत्येक आवाजाचा एक फॉर्म: विमान, तारीख, वारा, आणि शेवटी एक रकाना, अडथळा. म्हणाले, अडथळा असला तरी ते घेतात, नोंदलेला हवा फक्त. हिच्या अकरांपैकी सहांमध्ये अडथळा होताच. कुत्रा. मोटरसायकल. दोनदा वारा. टिटवी. परत कुत्रा.

बाराव्याला काय लिहू, म्हणाले. मी म्हटलं, अनोळखी इसम लिहा. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, पेन उघडलं, काहीतरी लिहिलं आणि सहीसाठी फॉर्म पुढे सरकवला.

वाचला. चष्मा पुसून परत वाचला. अडथळा: नवरा.

दुरुस्ती सुचवली नाही. सही केली.