ब्रश पुसायच्या फळीबाबत

मी प्रफुल्ल नत्थू ताकसांडे, वय २६, आठवी नापास, राहणार सिंदी (रेल्वे), जिल्हा वर्धा, हल्ली कामानिमित्त बेंगळुरू, हे माझ्या हातानं लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, प्यालेलो नाही, कोणी जबरदस्ती केलेली नाही. सोबतचा अमर म्हणतो, "सव्वीस वर्षाच्या पोराचं मृत्युपत्र कोणी वाचते काय बे?" पण उद्यापासून झुल्यावर बसून अकराव्या माळ्याची बाहेरची भिंत रंगवायची आहे. मुकादम म्हणतो दोर नवा आहे. मले तो नवा वाटत नाही.

१. घर आईचं, जिजाबाईचंच आहे. बँकेत जे निघेल तेही तिचं.

२. बाबांचे ब्रश बहीण पौर्णिमाला. मोठ्या काकाला एकही देऊ नये. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, तर काका चारचौघांत म्हणत, "आमचा नत्थू लिहिते कमी अन् सांडते जास्त." मी विसरलो नाही.

३. आता फळी. बाबा बावीस वर्षं एकाच प्लायवुडच्या फळीवर ब्रश पुसत. रंगावर रंग चढून ती बोटभर जाड झाली. मधात तळहाताएवढी जागा मात्र कोरी आहे. लहानपणी मी तिथे ब्रश पुसला, तर बाबांनी थोबाडीत दिली आणि ब्लेडनं खरवडून ती जागा पुन्हा कोरी केली. काऊन, ते सांगितलं नाही.

इथे मी चित्रांच्या एका हॉलच्या भिंती पांढऱ्या करतो. लोक नुसत्या रंगांसमोर अर्धा अर्धा तास उभे राहतात. मले वाटे, नाटकं करून राह्यले. तिथल्या रुचिका मॅडमना फळीचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करकरून पाहिला. मग विचारलं, "कोणी काढलं?" म्हटलं, कोणी नाही, ब्रश पुसलेत. मी खोटं बोलतो अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून, नुसते ब्रश पुसलेत हे मलेही खरं वाटत नाही. बाबा गेले, आता विचारू कोणाले?

४. पौर्णिमाचे मालक मोतीलाल यांनी ही फळी चारदा मागितली. कधी खुराड्याले दार पाहिजे, कधी मोरीले आडोसा. दरवेळी कारण वेगळं, म्हणून फोनवर धरलंच.

"जवाईबापू, खरं सांगा, कोणाले विकता?"

"विकतो कायले भाऊ? तुमच्या घरी आलो का मी तिच्यासमोरच बसतो. मधातल्या जागेकडे पाहत राह्यतो. पौर्णिमा हासते, म्हणून खुराडं सांगितलं."

हे खरं बोलले की कोणी शिकवलेलं, मले कळलं नाही.

५. म्हणून फळी मोतीलाल यांच्याच नावे करतो. पण ती आईच्या घराबाहेर जाणार नाही, कधीच नाही. त्यांचं येणं थांबलं तर फळी पौर्णिमाची. न्यायला मिळणार नाही हे कळल्यावरही ते त्यांच्या गावाहून, गिरडवरून, बसनं येत राहिले, तर माझा संशय चुकला असं समजावं. आईनं त्यांना चहा द्यावा अन् ते पाहत असताना मधात बोलू नये.

वरील मजकूर वाचून, दोघांसमोर सही केली.

सही: प्रफुल्ल नत्थू ताकसांडे

साक्षीदार:
१) अमर मोरेश्वर थूल, रा. रोहणा
२) गुंजन देवराव उईके, रा. समुद्रपूर

बेंगळुरू, रविवार, दि. १९ जानेवारी २०२५