मंडळाशिवाय शिर्डी

६ एप्रिल १९८६, घाटकोपर
चाळीच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं. यंदा शिर्डीला मंडळाबरोबर नाही, एकटा जाणार. पायी. कोणाचा चहा नाही, कोणाचा टेम्पो नाही. पोहोचलो तर मंडळाचा अध्यक्ष धाकू परब याने सगळ्यांदेखत माझ्या पाया पडायचं. धाकू म्हणाला, पडीन की. इतक्या लगेच कबूल होणारा माणूस अध्यक्ष कसा झाला देव जाणे.

गेल्या वर्षी भिवंडी बायपासवर याच माणसाने मला सांगितलं होतं की आरतीत लोकांचे उच्चार सुधारत बसू नका. बायकापोरांसमोर. मी तिथूनच एसटी पकडून घरी आलो. अजून झोंबतं.

९ एप्रिल
मंडळाची तयारी पाहिली. बटाट्याची पोती, शेगड्या, लाउडस्पीकर. ही पदयात्रा नव्हे, चालती खानावळ आहे. माझं सामान: शबनम पिशवी, चादर, व्हॅसलिन, नवे कॅनव्हासचे बूट. प्रेमा म्हणाली, जुन्या चपलाच घाला, नवे बूट चावतील. चौदा वर्षं संसार करून बायकोला माझे पाय कळले नाहीत.

१० एप्रिल, पाडवा
मंडळाच्या तासभर आधी निघालो. टार्गेट: शहापूर.

संध्याकाळी. मुलुंडला जानकीताईकडे फक्त पाणी प्यायला थांबलो होतो. श्रीखंड-पुरी होती. सख्खी बहीण ‘कोणाचा’ मध्ये धरत नाहीत. मग जरा डोळा लागला. ताई म्हणते, मधे लाउडस्पीकर वाजत गेला. जाऊ दे. मुक्काम मुलुंड. पहिला मुक्काम जवळ करावा असं शास्त्रात कुठेतरी असणारच.

१२ एप्रिल, पडघा
दोन्ही टाचा सोलल्या. बूट खांद्यावर, पाय डांबरावर. कंपनीने माल हलका वापरलाय.

पण एक गोष्ट लक्षात आली. माझ्या चेहऱ्यावर तेज आलंय. चहावाला पैसे घेईना. काल एका उसाच्या गुऱ्हाळावरही तेच. मंडळाच्या गर्दीत हे कधी झालं नसतं. साधक एकटा असला की लोक ओळखतात.

१३ एप्रिल, शहापूर
शाळेच्या व्हरांड्यात झोपायची सोय. न मागता. पायांसाठी गरम पाणी, त्यात मीठसुद्धा घातलेलं. शिपाई म्हणाला, ते रागीट गृहस्थ तुम्हीच ना? तपस्व्याची मुद्रा अडाण्यांना रागीट वाटते. त्याला समजावून सांगितलं. तो निघून गेला.

१४ एप्रिल, घोटी
घाट ट्रकमधून चढलो. नेम मोडलेला नाही. मी बसलो नव्हतो, कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर उभा होतो. शिवाय घाट म्हणजे रस्ता नव्हे, डोंगर. उतरायचं इगतपुरीला ठरलं होतं, पण ड्रायव्हरने ट्रक थेट घोटीला थांबवला. त्याला माझा काय इलाज?

१६ एप्रिल, सिन्नर
आज इथल्या खानावळवाल्यानेही पैसे घेतले नाहीत. त्याला म्हटलं, पाटीवर ‘भोजनालय’ चुकीचं लिहिलंयस. तेव्हा तो भडकला आणि बोलून गेला. म्हणे, घाटकोपरचे लोक पुढे सांगत गेलेत, मागून एक जण एकटे येताहेत, त्यांना जेवायला घाला, हिशेब आमच्याकडे, पण त्यांना कळू देऊ नका.

दुपारभर विचार केला. धाकूचा डाव उघड आहे. पाया पडावं लागेल म्हणून घाबरलाय, मला उपकाराखाली दाबतोय. भाकरी आणि पिठलं खाल्लं. अन्न टाकणं पाप.

१८ एप्रिल, रामनवमी, शिर्डी
दुपारी तीनला पोहोचलो. एकट्याने.

मंडळवाले गावात धर्मशाळेत घोरत पडले असणार असं वाटलं होतं. तर सगळे वेशीबाहेर बाभळीखाली बसलेले. पालखी बाजेवर. कालच संध्याकाळी पोहोचले होते. रामजन्माची आरती इथेच बसून चुकवली. मी विचारलं, आत का नाही गेलात? धाकू उठला. खंय होतंस रे मार्तंडा, एवढंच म्हणाला आणि सगळ्यांदेखत वाकून माझ्या पाया पडला.

ज्या क्षणासाठी निघालो होतो तो हाच. छाती काढून मी सगळ्यांकडे पाहिलं. कोणी पाहत नव्हतं. सामान उचलायची घाई चालली होती.

शेवटी धाकूच्या बायकोला, सुगंधावहिनींना, विचारलं. त्या म्हणाल्या, भावजी, गेल्या वर्षी तुम्ही अर्ध्यातून परत गेलात म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. मंडळाचा नेम आहे. घाटकोपरहून जे जे चालत आले त्या प्रत्येकाच्या पाया अध्यक्षाने वेशीवर पडायचं, मगच पालखी गावात न्यायची. बाकी सगळ्यांचं कालच झालं. तुमचेच पाय राहिले होते.

मी म्हटलं, मी मंडळाचा नाही. त्या म्हणाल्या, ते आत गेल्यावर बाबांना सांगा, आता चला, पोरं उपाशी आहेत.

जे जे चालत आले, असं त्या म्हणाल्या. घाटाचं मी काही बोललो नाही.