लाल सालींचा अर्क

रविवार संध्याकाळ, नाशिक

कॉन्व्हेंटमध्ये मधल्या सुट्टीत मी आणि धाकटी बहीण मालू एकाच डब्यात जेवायचो. शेवटचा घास मी तिला ठेवायचे.

आज प्रदर्शनात तिने लाल कांद्याच्या सालींचा अँटिऑक्सिडंट अर्क स्वतःचा म्हणून दाखवला. पद्धत माझी आहे: कोमट पाणी आणि लिंबूसत्त्व, बस. पाहुण्यांना म्हणाली, "ही आमची ताई. साली निवडते बिचारी!" सगळे हसले. मीही हसले, का कोण जाणे. बिचारी?

माझ्यामागे ही पद्धत लिहिलेली वही मंगलला द्यावी. मंडईत साली तीच राखून ठेवते. गाळण्या तिच्या लेकीला. मालूला फक्त मोठं पातेलं. पाणी उकळलं की अर्काचा रंगही जातो आणि गुणही, हे तिला अजून ठाऊक नाही. कोणी सांगू नये.